डासाच्या पोटातल्या गाठी

पाऊस उघडला की नागपुरात पंधरा-वीस दिवस असे येतात, की भिंतीवरच्या कॅलेंडरात ऑक्टोबर असतो आणि अंगावर मे. वारा पडलेला असतो. जूनमध्ये प्लास्टिक बांधून ठेवलेले कूलर लोक पुन्हा सुरू करतात. टाकीत पावसाचं साचलेलं पाणी असतंच, त्यात दोन बादल्या नवं पडतं, पंप गुरगुरतो, आणि जाळ्यांत भरलेल्या जुन्या गवताचा ओला, आंबूस वास घरभर होतो. हा वास सगळ्यांना नकोसा वाटतो. मला तो आला की हातातलं काम राहून जातं.

काल कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. मनगटावर एक डास येऊन बसला. काळा, पायांवर पांढरे पट्टे. समोरचे लांजेवार सर ओरडले, "अवो मॅडम, मारा ना! पाहून काय राहिल्या?"

मारलाच मी. पण त्याआधी क्षणभर तिच्या पोटाकडे पाहिलं. तिच्या म्हणायचं, कारण चावते ती मादीच. पोट चपटं होतं. म्हणजे एकतर तिच्या पोटात अंडी अजून वाढलीच नव्हती, नाहीतर नुकतीच घालून झाली होती. यांतलं काय खरं, ते बाहेरून कळत नाही. आत पाहावं लागतं. मी तो मेलेला डास कागदाच्या कपट्यावर अलगद उचलून घेतला, आणि मग लक्षात आलं की सर माझ्याकडेच बघतायत. कपटा चुरगळून टोपलीत टाकला.

आत पाहायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांना स्वतःला दिसत नव्हतं.

ते भेटले त्या वर्षी माझं प्राणिशास्त्रातलं एम.एस्सी. नुकतंच झालं होतं आणि देशकर मॅडमच्या प्रयोगशाळेत मी प्रकल्प सहायक म्हणून लागले होते. रोज सकाळी खापरखेड्याहून बसनं यायचे. बाबा तिथल्या वीज केंद्रात कोळसा हाताळायच्या विभागात होते. आमच्या क्वार्टरच्या अंगणातल्या पेरूची पानंसुद्धा पावसाळ्याचे चार महिने सोडले तर राखेच्या रंगाची असत. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात एक गोष्ट मुरलेली होती: कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, पाहून मानायचं. बाबा हे तत्त्व पुढाऱ्यांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना लावत. भाजीवाले त्यांना कंटाळले होते.

काम बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतलं होतं. कारखान्यांच्या मागं भाड्याच्या खोल्यांची एक लांब गल्ली होती, कुठून कुठून कामाला आलेल्या माणसांनी भरलेली. त्या गल्लीतून डेंग्यूचे रुग्ण यायचे थांबत नव्हते. दर आठवड्याला धुराची गाडी फिरत होती. कोणी म्हणे डास कमी झाले, कोणी म्हणे तेवढेच आहेत. देशकर मॅडमना प्रश्न वेगळाच पडला होता. डास किती आहेत ते राहू दे. त्यांतल्या म्हाताऱ्या किती आहेत?

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसू आलं होतं. मग मॅडमनी समजावलं. आजारी माणसाचं रक्त प्यायल्यावर डासाच्या मादीच्या अंगात तो विषाणू वाढून तिच्या लाळेपर्यंत पोचायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर ती चावली तरी कोणाला डेंग्यू होत नाही. जी मादी तेवढे दिवस जगते, तीच घातक. धुरानं जर खरंच डास मरत असतील, तर गल्लीत सगळ्या तरण्या, नुकत्याच उडू लागलेल्या माद्याच सापडायला हव्यात. म्हाताऱ्या सापडल्या, तर धूर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

"पण डासाचं वय कसं ओळखायचं?" मी विचारलं.

"तिच्या अंडाशयावरून," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठी ढोबळे काकांना बोलावलंय."

ढोबळे काका दुसऱ्या दिवशी आले. मुलीच्या हाताला धरून जिना चढले आणि दाराशी येताच तिचा हात सोडून दिला. साठी ओलांडलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. सरकारी नोकरीत कीटक समाहारक होते; म्हणजे गावोगाव फिरून गोठ्यांतून, खाटांखालून डास पकडायचे आणि तपासायचे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. निवृत्तीच्या सुमाराला काचबिंदूनं डोळे गेले. उजेड आणि सावली तेवढी कळायची. तरी त्यांचं नाव या कामातल्या लोकांत टिकून होतं, ते एका गोष्टीसाठी. डासाच्या मादीनं अंडी घातलीत की नाही एवढंच नव्हे, तर किती वेळा घातलीत हे काका सांगत, असं म्हणत. तिच्या पोटातल्या गाठी मोजून.

त्यांनी टेबल चाचपलं, सूक्ष्मदर्शकावरून हात फिरवला, मग म्हणाले, "सुई दाखव."

मी कॉलेजातली सुई हातात दिली. त्यांनी टोक अंगठ्यावर टेकवलं.

"ही सुई नाई वं, भाला आहे. यानं हत्ती फाड."

पहिला दिवस सुया करण्यात गेला. कीटक टोचून ठेवायच्या केसासारख्या बारीक पिना आणायच्या, उदबत्तीच्या काडीत खोचायच्या, टोकं दगडावर घासायची. काका प्रत्येक टोक ओठाला लावून पाहत आणि नापास करत. दोन पास झाल्या.

मग डास. बर्फाच्या डबीत सुन्न केलेली मादी काचेवर, मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवायची. एका सुईनं छातीशी धरायची, दुसरीनं पोटाच्या कड्यांतलं शेवटून दुसरं कडं धरायचं. मी ओढलं. सगळं फाटून थेंबात चिखल झाला.

"वढू नको," काका म्हणाले. त्यांना दिसलं नव्हतं, माझा श्वास ऐकून कळलं होतं. "आपुन वढत नाई. धरायचं आन थांबायचं. पोट आपनच सोडते."

पंधरा डास चिखलात गेले. सोळाव्या वेळी मी धरलं आणि थांबले. शेपटाकडचा भाग हळूच सुटला आणि त्याच्यामागून, दोरीला बांधून आणल्यासारखं, आतलं सगळं पाण्यात सरकत आलं.

"आलं," मी म्हणाले.

"काय आलं? सांग मले."

"अंडाशय. दोन आहेत. छान दिसतायत."

"छान म्हंजे काय? छान हे काई दिसनं नाई झालं. रंग सांग, आकार सांग, कशाले चिकटून आहे ते सांग."

अशी माझी खरी शिकवणी सुरू झाली. जे दिसतं ते शब्दांत सांगायचं, आणि जे दिसत नाही ते सांगायचं नाही. दोन दुधी कणसं, म्हणाले मी. एकमेकांकडे झुकलेली, खाली एका नळीत मिळालेली. कणसावर दाण्यांसारखी अंडनलिकांची दाटी. काका मान हलवत होते. "आन नळीच्या खाली? काळं काई?"

होतं. तीन काळे, चकाकते गोल. एक मोठा, दोन लहान. पुस्तकातल्या आकृतीत ते होते, परीक्षेत मी त्यांना बाण काढून नावंही दिली होती. पण पुस्तकात ते काळ्या शाईचे ठिपके होते. इथं ते कुप्या होते, पारदर्शक काळ्या, आणि मोठ्या कुपीच्या आत काहीतरी फिरत होतं. एकसारखं, गोल गोल, रांजणात पाणी ढवळल्यासारखं.

"काका, आत काहीतरी फिरतंय!"

"नराचं बीज हाय ते. ती बहुतेक एकदाच घेते. मंग जिंदगीभर तेच पुरवते. एकेका अंड्याले, घालाच्या वक्ती, थोडं थोडं देते."

मी त्यावर काचेचा पातळ चौकोन ठेवून किंचित दाबलं. कुपी तडकली आणि तिच्यातून बारीक बारीक तंतूंचा झुपका सळसळत बाहेर आला. मादी मेलेली, नर कुठल्या कोळ्याच्या जाळ्यात कधीच संपलेला, आणि हे मात्र पोहत होतं. मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. लहान कुप्यांतली एक रिकामी होती. तेही मी सांगितलं.

"राहते एखादी रिकामी."

"काहून?"

"मले नाई मालूम," काका म्हणाले. "तू शोध."

आजही मी विद्यार्थ्यांना हा भाग शिकवते तेव्हा कोणीतरी हाच प्रश्न विचारतं. आणि मी शोधलेलं उत्तर सांगण्याआधी जरा थांबते, कारण मला तो प्रश्न उत्तरापेक्षा जास्त आवडतो.

वयाची खूण मात्र कुपीत नव्हती. ती अंडाशयावर पसरलेल्या श्वासनलिकांत होती. माणसासारखं फुप्फुस कीटकांना नसतं. हवेच्या नळ्या झाडाच्या मुळ्यांसारख्या सगळ्या अवयवांवर पसरलेल्या असतात. एक अंडाशय साध्या पाण्याच्या थेंबात ठेवून वाळू द्यायचा. वाळला की त्या नळ्या काळ्या, रेखीव दिसू लागतात. जिनं अजून अंडी घातलेली नाहीत, तिच्या नळ्यांची टोकं गुंडाळलेली असतात, लोकरीच्या बारीक गुंड्यांसारखी. पहिल्यांदा अंडी वाढतात तेव्हा अंडाशय फुगतो, ताण बसतो, गुंड्या उकलतात. अंडी घालून पोट पुन्हा रिकामं झालं तरी त्या गुंड्या पुन्हा वळत नाहीत. नळ्या सरळच राहतात.

"बस, इतकंच पाह्याचं," काका म्हणाले. "गुंड्या हाय का उकलल्या. याच्यात खोटं बोलता येत नाई."

दुसरा अंडाशय गाठींसाठी. तो वाळू द्यायचा नाही. ओला असतानाच त्यातली एकेक अंडनलिका सुईनं ताणून सुटी करायची, केसाहून बारीक, आणि तिच्या देठावर पाहायचं. अंडं बाहेर पडलं की त्याची रिकामी पिशवी आकसते आणि देठावर एक गाठ राहते. पुन्हा घातली की दुसरी गाठ. काका हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदलत असे. देठ तुटायचा. दहांत एखादा ताणला जायचा. त्यावर मला कधी फुगवटा दिसायचा, कधी नाही.

बुटीबोरीच्या गल्लीत मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. दिवसाच, कारण हा डास दिवसा चावतो. हातात काचेची वाकडी नळी, तिला रबरी नळी, दुसरं टोक तोंडात. डास दिसला की श्वास ओढायचा, मध्ये जाळी असते म्हणून तो तोंडात येत नाही. लोक हसायचे. शेवटून तिसऱ्या खोलीत छत्तीसगढच्या फुलमतीबाई राहत. नवरा कापडाच्या कारखान्यात. त्याला डेंग्यू होऊन तो दवाखान्यातून नुकताच घरी आला होता, भिंतीला टेकून बसलेला, डोळे खोल गेलेले. फुलमतीबाईंना सातवा महिना होता.

"दीदी, धुआँ तो हर हफ्ते आता है," त्या म्हणाल्या. "हम लोग दरवाजा बंद कर लेते हैं, खाँसी होती है ना. गाडी चली जाती है तो खोल देते हैं." मग हळूच, नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "अब मेरे को हुआ तो बच्चे को कुछ होगा क्या?"

मी त्यांना दिवसाही मच्छरदाणीत बसायला सांगितलं, ताप आला तर एक दिवसही थांबू नका म्हणाले, आणि खाटेखालच्या अंधारातून सहा माद्या पकडल्या. त्यांच्या कूलरच्या मागे टांगलेल्या कपड्यांतून आणखी चार.

त्या दहा माद्यांपैकी दोघींच्याच गुंड्या शाबूत होत्या. बाकीच्यांच्या नळ्या सरळ, ताणलेल्या. मी सांगत होते आणि काका खुर्चीत पुढे सरकत होते. एका मादीचा देठ नीट ताणला गेला.

"गाठ हाय?"

"आहे. दोन आहेत."

"तिसरी असन, पाह्य बरं. खालच्या बाजूले."

मी पाहिलं. फोकस वरखाली केला. आणि दिसली. तिसरी गाठ. "आहे, काका! तीन!"

काकांनी मांडीवर थाप मारली. "तीनदा घालून बसली! म्हंजे तीन धूर पचवले तिनं!"

त्या दिवशी बसमध्ये मला बसायला जागा मिळाली नाही आणि त्याचं काहीही वाटलं नाही. घरी पोचेपर्यंत मी मनात लेखाचं शीर्षक लिहिलं होतं.

देशकर मॅडमनी वही पाहिली, चष्मा काढला. "गुंड्यांचं ठीक आहे. स्लाइड आहेत, कोणीही पाहू शकतं. पण गाठींचं काय? कधी कधी अंडं न घालताच आत जिरून जातं आणि तिथंही गाठ राहते, असं म्हणणारे लोक आहेत. तुझ्या तीन गाठी कोणी पडताळल्या?"

"काकांनी."

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "तुझी परीक्षा घेऊ."

परीक्षा साधी होती. प्रयोगशाळेत पिंजऱ्यात डास वाढवायचे. माद्या एकेकट्या बाटलीत ठेवायच्या, ओल्या कागदावर अंडी घालू द्यायची, आणि प्रत्येकीनं किती वेळा घातली ते मॅडमनी स्वतःच्या वहीत लिहायचं. मग बाटल्यांवर नुसत्या खुणा टाकून माझ्याकडे द्यायच्या. माद्यांना अंडी वाढवायला रक्त लागतं. ते माझं. रोगाशी संबंध न आलेले, पाण्यातल्या अळ्यांपासून आम्हीच वाढवलेले डास होते ते. मी पुस्तक वाचत डावा हात पिंजऱ्याच्या बाहीत घालून बसायचे.

आईनं हाताची अवस्था पाहिली. "अवं, रक्त पाजून राहिली तू त्यायले? शिकवलं कायले मंग तुले?"

"अंडी घालायची आहेत त्यांना," मी म्हणाले.

"घालू दे. आपल्या घरचं कायले पायजे?" असं म्हणत तिनं खोबरेल तेल आणलं. बाबा मात्र पेपर बाजूला ठेवून उठले, चष्मा लावून माझा हात उजेडात धरला आणि विचारलं, "एका मादीले किती वेळ लागते प्यायले?" मी सांगितलं, दोन-तीन मिनिटं. त्यांना ते फार महत्त्वाचं वाटलं. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरच्या सगळ्यांना सांगून आले.

दसरा झाला. दीक्षाभूमीला आलेली गर्दी ओसरली, रस्त्यांवरची पुस्तकांची दुकानं उठली. ऊन मात्र हटेना. दिवाळीच्या आठवडाभर आधी मॅडमनी चोवीस बाटल्या माझ्यापुढे ठेवल्या.

चार दिवस लागले. काका रोज येऊन शेजारी बसत, पण त्यांनी काही विचारायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. ते नुसते बसून राहत. चौथ्या दिवशी संध्याकाळच्या आत मी चोवीस उत्तरं लिहून दिली. मॅडमनी आपली वही शेजारी ठेवली आणि पेन्सिल फिरवली.

अंडी घातली की नाही, यात एकही चूक नव्हती. सगळ्या बरोबर. पण किती वेळा घातली, यात निम्म्याहून जास्त चुकल्या होत्या. एकदा घातलेलीच्या पोटात मला तीन गाठी दिसल्या होत्या. तीनदा घातलेलीच्या पोटात एक.

काका प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले आणि सांगितलं. समोर पार्किंगमध्ये कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"घातली का नाई, त्यात एकबी नाई चुकली?"

"नाही."

"मंग हात बरोबर हाय तुहा."

"पण गाठी चुकल्या, काका. माझंच काहीतरी..."

"तुहं नाई चुकलं." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मले बी असंच दिसे."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत.

"नौकरी नवी होती तवा मी रजिस्टरात लिवलं होतं, गाठ हाय, किती ते समजत नाई. सायबानं लाल रेघ मारली. म्हने, ढोबळे, आकडा पायजे. मंग मी आकडा देल्ला. दोन वाटल्या त दोन. तीन वाटल्या त तीन. एकडाव आकडा देल्ला का लोक म्हनते, याले दिसते. दुरून दुरून पाह्याले येत जाये लोक. मंग मी बी म्हनाले लागलो, का मले दिसते." थोडं थांबून म्हणाले, "आन खरं सांगू? मंग दिसाले बी लागलं."

मला त्या दुपारची आठवण झाली. तिसरी असन, पाह्य बरं. आणि मला ती दिसली होती. मी खोटं बोलले नव्हते. फोकस वरखाली करून, डोळा लावून, खरोखर पाहिली होती. त्यांना हवी होती आणि मला हवी होती, आणि काचेखाली ती उगवली होती. राग आला, त्यांचा आणि माझा. एवढी वर्षं हा माणूस या नावावर जगला, आणि मी महिनाभर त्याच नावाच्या उबेत काम केलं.

पण तो राग टिकवणं कठीण होतं. सोळाव्या डासाला थांबायला मला याच माणसानं शिकवलं होतं. आणि आज मी शिकवताना पाहते, की विद्यार्थी स्लाइडवर आधी आकृती शोधतात आणि मग स्लाइड पाहतात. पुस्तकात तीन कुप्या आहेत म्हणून दोनच दिसल्या तरी तीन काढतात. मी त्यांना रागावत नाही. विचारते, "छान काढलंस. आता दिसलं ते काढ."

गाठी वजा केल्यावर काय उरलं, ते मॅडमनी आणि मी दिवाळीच्या सुट्टीत बसून पाहिलं. पुष्कळ उरलं. गुंड्यांचा पुरावा पक्का होता: गल्लीतल्या बहुतेक माद्या एकदा तरी अंडी घालून झालेल्या होत्या. धूर रस्त्यावरून जात होता आणि त्या दाराआड, खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांत जगत होत्या. आणि घालत होत्या त्या कूलरच्या टाक्यांत. सुट्टीनंतर आम्ही खोलीखोलीत गेलो. टाक्या ओतून टाकणं पुरेसं नव्हतं. अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर, पत्र्याला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कितीतरी महिने टिकतात, आणि पुन्हा पाणी लागलं की जागी होतात. घासून काढावं लागतं. मी फुलमतीबाईंना भिंगातून दाखवलं. कोळशाच्या कणांसारखी काळी अंडी, पत्र्यावर ओळीनं.

"अरे बाप रे," त्या म्हणाल्या. "इतने दिन से हम इनको ठंडी हवा खिला रहे थे?"

पोट सांभाळत त्यांनी नवऱ्याला उठवलं, त्याच्या हातात तारेची घासणी दिली, आणि स्वतः दारात उभ्या राहून शेजारच्या खोल्यांना हाका मारू लागल्या. त्या दिवशी गल्लीभर पत्रा खरडल्याचा आवाज येत होता. पुढच्या खेपांना मला नळी तोंडात धरून तासतासभर बसावं लागे. डास फार कमी मिळत, आणि मिळत त्यांच्या गुंड्या बहुधा शाबूत असत. फुलमतीबाईंना ताप आला नाही. थंडी पडल्यावर त्या बाळंतपणाला गावी गेल्या. नंतर फोन आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

अहवाल लिहिताना एकच वाद झाला. मी पद्धतींच्या भागात एक वाक्य लिहिलं होतं: "गाठी मोजून अंडी घालण्याच्या वेळा सांगण्याचा प्रयत्न केला, तो जमला नाही." मॅडम म्हणाल्या, काढून टाक. न जमलेल्या गोष्टी कोणी अहवालात लिहीत नाही, आणि कोणी विचारलंही नाहीये. शिवाय काकांना जाणणारे लोक हे वाचतील. हे शेवटचं कारण माझ्या डोक्यातून जाईना.

दोन दिवस विचार केला आणि धरमपेठेत काकांच्या मुलीच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. काका गॅलरीत उन्हाकडे तोंड करून बसले होते. हिवाळ्यातलं ऊन, हवंसं वाटणारं. मी खरं ते सांगितलं: मॅडम नको म्हणतात, मला ठेवायचंय, पण तुम्हाला विचारल्याशिवाय ठेवणार नाही.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. आत त्यांची मुलगी भांडी लावत होती.

"माहं नाव कुठी हाय?"

"आभारांत. शेवटच्या पानावर."

"तथून काढ. या वाक्यात टाक." त्यांनी बोटानं हवेत एक जागा दाखवली, अगदी नेमकी, वाक्य समोर दिसत असल्यासारखी. "लिव. ढोबळे यायनं बी तीस वर्सं पाह्यलं. त्यायले बी समजलं नाई."

मी पेन काढलं आणि तिथंच, गुडघ्यावर कागद ठेवून, लिहिलं.

"लिवलं?"

"लिहिलं."

"वाच पुन्हा."